आधी अडचण सांगा, मग अल्गोरिदम

प्रति,
महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील संगणक विभागांचे प्राध्यापक, विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांचे सदस्य आणि ‘कॉम्प्युटर नेटवर्क्स’ची प्रश्नपत्रिका काढणारे सर्व शिक्षक यांस,



मी पुण्यात नेटवर्कचं काम करतो. कंपनीत नवी मुलं घ्यायची वेळ आली की मुलाखतीला मलाही बसवतात, आणि तिथे तुमचे विद्यार्थी भेटतात. मुलं हुशार असतात, कष्टाळू असतात, अनेक जण घरातले पहिले इंजिनिअर असतात. त्यांना स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल विचारला की चेहरे खुलतात, कारण हा परीक्षेतला ‘आयएमपी’ प्रश्न. रूट ब्रिज कसा निवडतात, रूट पोर्ट कोणता, डेझिग्नेटेड पोर्ट कोणता, दर 2 सेकंदांनी जाणारा हॅलो, 20 सेकंदांचं मॅक्स एज, 15 सेकंदांचा फॉरवर्ड डिले, सगळं घडाघडा येतं. मग मी विचारतो, “हे सगळं कशासाठी?” “लूप टाळायला, सर.” “लूप झाला तर नेमकं काय बिघडतं? राऊटरच्या जाळ्यात तर लूप असतातच, तिथे कसं चालतं?” इथे बहुतेकांचं बोलणं थांबतं. ज्याने प्रोटोकॉलची दहा पायऱ्यांची रीत पाठ केली आहे, त्याला ती रीत कोणत्या दुखण्यावर आहे हे कोणी सांगितलेलंच नसतं.

आणखी एक प्रश्न मी मुद्दाम विचारतो: हे कोणी शोधलं? बहुतेकांना माहीत नसतं. एखादी मुलगी म्हणते, “इंटरनेटच्या आईने.” महिला दिनाच्या पोस्टरवर तिने ते वाचलेलं असतं. नाव आठवत नाही.

त्यांचं नाव रेडिया पर्लमन. तुम्ही दर सत्रात ज्यांचं काम शिकवता, त्या शास्त्रज्ञांबद्दल आणि त्यांच्या निमित्ताने तुमच्या शिकवण्याबद्दल हे पत्र आहे. माझी तक्रार एका वाक्यात सांगायची तर, पर्लमन यांचं उत्तर तुम्ही वर्गात पोहोचवता, पण त्यांच्यापुढे जो प्रश्न होता तो वर्गाबाहेरच राहतो. आणि त्यांची सगळी कारकीर्द पाहिली तर त्यांचं खरं सामर्थ्य प्रश्न नेमका ओळखण्यात होतं.

म्हणून आधी तो प्रश्नच मांडतो.

1973 साली झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात इथरनेट जन्मलं. एका इमारतीतले संगणक एका तारेवर जोडायची ती सोय होती. पण तिला ‘नेट’ म्हटलं गेलं, आणि अनेकांनी तिलाच संपूर्ण जाळं समजून आपली सॉफ्टवेअर थेट तिच्यावर उभी केली. पॅकेट एका जाळ्यातून दुसऱ्या जाळ्यात नेण्यासाठी जो वरचा थर लागतो, तो त्यांनी घातलाच नाही. त्या थरात दोन महत्त्वाच्या गोष्टी असतात: शेवटच्या मुक्कामाचा पत्ता, आणि या पॅकेटला आणखी किती टप्पे ओलांडता येतील याची मोजदाद. इथरनेटच्या पॅकेटवर ही मोजदाद नाही. पुढे गिऱ्हाइकं म्हणू लागली की आमची दोन इथरनेट एकमेकांशी बोलली पाहिजेत, पण संगणकांतलं सॉफ्टवेअर आम्ही बदलणार नाही.

हे दुखणं मॅसॅच्युसेट्समधल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या, म्हणजे डेकच्या, दारात आलं. पर्लमन तिथे 1980 पासून काम करत होत्या. उपाय म्हणून एक पेटी कल्पिली गेली. दोन्ही तारांवरचं सगळं ऐकायचं, कोणाचा पत्ता कुठल्या बाजूला आहे ते लक्षात ठेवायचं, आणि गरज पडेल तेव्हा पॅकेट आहे तसं पलीकडे टाकायचं. हा ब्रिज. आजचे स्विच याचेच वंशज.

आता लूपचं बघा. राऊटर पॅकेट पुढे देतो तेव्हा एकाच दिशेला एकच प्रत देतो आणि टप्प्यांचा आकडा एकाने कमी करतो. लूप झालाच तर ते पॅकेट काही फेऱ्यांनी मरतं. ब्रिजचं तसं नाही. दोन इथरनेटच्या मध्ये तीन ब्रिज समांतर लावा आणि सगळ्यांसाठी असलेलं एक पॅकेट सोडा. तिन्ही ब्रिज ते पलीकडे टाकतात, म्हणजे तीन प्रती झाल्या. प्रत्येक प्रत बाकीचे दोन ब्रिज ऐकतात आणि परत अलीकडे टाकतात, म्हणजे सहा. मग बारा, मग चोवीस. थांबवणारा आकडा पॅकेटवर नाही, आणि तो नव्याने लिहायलाही जागा नाही, कारण इथरनेटच्या फ्रेमची लांबी 1518 बाइटांवर बांधलेली. डोळ्याची पापणी लवायच्या आत तार भरून जाते. हा हिशेब फळ्यावर करायला पाच मिनिटं लागतात. पण तो एकदा केला की पुढचा अल्गोरिदम मुलं तुमच्याकडून मागून घेतील.

मग लूपच नको, असं कोणी म्हणेल. पण एक तार तुटली तरी काम चालावं म्हणून लोक जास्तीच्या तारा मुद्दाम घालतात, आणि कधी चुकूनही घालतात. म्हणजे तारा राहू द्यायच्या, पण त्यातल्या कोणत्या वापरायच्या हे ब्रिजनी आपसात ठरवायचं. वरून कोणी नेमून देणार नाही, सेटिंग करायला माणूस नसेल, संगणकांना याचा सुगावा लागता कामा नये.

पर्लमन यांचे वरिष्ठ टोनी लॉक यांनी हे काम त्यांच्याकडे एका शुक्रवारी सोपवलं. वर आव्हान म्हणून एक अट घातली: जाळं कितीही वाढलं तरी प्रत्येक ब्रिजला लागणारी मेमरी वाढता कामा नये. त्या काळच्या रीतींमध्ये जाळं वाढेल तशी मेमरी वाढायची, त्यामुळे अट अशक्य वाटावी अशीच होती. लॉक पुढचा आठवडा सुट्टीवर जाणार होते. पर्लमन यांना त्याच रात्री उत्तर सुचलं. प्रत्येक ब्रिजने आधी स्वतःलाच मूळ समजायचं आणि तसं शेजाऱ्यांना सांगायचं. आपल्यापेक्षा लहान क्रमांकाचा कोणी ऐकू आला की आपला दावा सोडून त्याला मूळ मानायचं, आणि तिथवरचा सर्वांत जवळचा रस्ता धरायचा. प्रत्येक पोर्टवर ऐकलेला सर्वांत चांगला निरोप तेवढा लक्षात ठेवायचा, बाकीचे विसरायचे. क्रमांक कारखान्यातच दिलेले आणि एकमेकांहून वेगळे, त्यामुळे निवडणुकीला पंच लागत नाही. मेमरीची अटही पाळली गेली. सोमवार-मंगळवारी त्यांनी पूर्ण तपशील लिहून काढला. लॉक सुट्टीवर असल्याने दाखवायला कोणी नव्हतं आणि दुसऱ्या कामात मन लागेना, म्हणून उरलेल्या दिवसांत त्याच अल्गोरिदमवर एक कविता लिहिली. जॉइस किल्मर यांच्या झाडावरच्या प्रसिद्ध इंग्रजी कवितेच्या चालीवरची ती कविता 1985 च्या शोधनिबंधात सारांशाच्या जागी छापली आहे. पुढे त्यांच्या मुलाने तिला चाल लावली आणि मुलीने ती गायली. 1990 साली हा प्रोटोकॉल 802.1डी या नावाने मानक झाला.

ही गोष्ट मुलांना सांगा, अशी माझी पहिली विनंती आहे. ती गंमत म्हणून धड्याच्या शेवटी नको. तिथूनच धडा सुरू करा, कारण प्रोटोकॉलचा प्रत्येक नियम त्या अटींमधून निघतो. टॅनेनबॉमचं पुस्तक तुमच्या संदर्भग्रंथांच्या यादीत असतंच. त्याच्या पाचव्या आवृत्तीत पर्लमन यांचं नाव आहे, एका दिवसात सुचल्याची हकीकत आहे आणि ती कविताही आहे. वर्गात पोहोचेपर्यंत या पानांचं काय होतं? नोट्समध्ये ती गळतात, परीक्षेआधी झेरॉक्सच्या दुकानात मिळणाऱ्या गाइडमध्ये आकृतीखालच्या पाच-सहा मुद्द्यांवर येतात, आणि प्रश्नपत्रिकेत ‘टीप लिहा’ होऊन उतरतात.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना दुसरी विनंती. ‘स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल आकृतीसह स्पष्ट करा’ हा प्रश्न काही वर्षं बाजूला ठेवा. त्याऐवजी दोन इथरनेट आणि तीन ब्रिज काढून द्या, चौथ्या फेरीअखेर पॅकेटच्या किती प्रती होतील ते विचारा. इथरनेटच्या फ्रेमवर टप्प्यांचा आकडा असता तर या प्रोटोकॉलशिवाय भागलं असतं का, असं विचारा. सर्वांत जुना आणि मंद स्विच मूळ म्हणून निवडला गेला तर ऑफिसात लोक काय तक्रार करतील, तेही विचारा. हे शेवटचं खरोखर घडतं. कोणी प्रायॉरिटी बदलली नाही तर सगळ्यांची 32768 राहते, मग लहान पत्त्याचा स्विच जिंकतो, आणि कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या जुन्या पेटीकडे सगळी वाहतूक वळते. या प्रश्नांची उत्तरं गाइडमध्ये सापडणार नाहीत. पेपर तपासायला वेळ जास्त लागेल हे मान्य आहे.

आता तिसरी गोष्ट, जी मला सर्वांत जवळची आहे. ती तुमच्या वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्या मुलामुलींची आहे.

पर्लमन यांचा जन्म 1951 साली व्हर्जिनियातल्या पोर्ट्समथचा, बालपण न्यू जर्सीत समुद्राकाठच्या लॉक आर्बर या छोट्या गावात गेलं. आई-वडील दोघंही सरकारी नोकरीतले अभियंते. वडील रडारवर काम करायचे, आई मुळात गणिताची आणि कामाने प्रोग्रॅमर. घरात एवढं असूनही मुलगी यंत्रं उघडून बघणाऱ्यांतली नव्हती. पियानो, फ्रेंच हॉर्न, साहित्य यांत ती रमायची, आणि आईशी गप्पाही मुख्यतः त्याच विषयांवर व्हायच्या. गणित-विज्ञान मात्र सहज यायचं. पर्लमन यांनी स्वतः पुढे सांगितलं आहे की काही उघडून बघितलं तर शॉक बसेल किंवा वस्तू मोडेल, अशीच त्यांची समजूत होती. शाळेत असताना प्रोग्रॅमिंगच्या एका वर्गात गेल्या, तर आजूबाजूची मुलं लहानपणीच रेडिओ जुळवल्याच्या गोष्टी सांगत होती. आपल्याला हे जमणार नाही, असा निष्कर्ष त्यांनी तिथे काढला.

मग एमआयटी. हजारभर विद्यार्थ्यांच्या तुकडीत मुली पन्नासेक. विषय गणित. तिथे एका वर्गाच्या सहायक शिक्षकाने विचारलं, माझ्या प्रकल्पावर प्रोग्रॅमर म्हणून येशील का? त्या म्हणाल्या, मला प्रोग्रॅमिंग येत नाही. तो म्हणाला, माहीत आहे, म्हणूनच विचारतोय, माझ्याकडे द्यायला पैसे नाहीत, पण तू हुशार आहेस, शिकशील. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. इतक्या ऑफिसांच्या जाळ्यांत वापरल्या गेलेल्या या प्रोटोकॉलच्या मुळाशी असा एक शिक्षक आहे, ज्याने मुलीला काय येत नाही ते बघितलं नाही. तुमच्यातल्या किती जणांनी असं कोणाला विचारलं असेल, आणि त्याची नोंद कुठेच नसेल, याचीही मला जाणीव आहे.

पुढे त्या एमआयटीच्या लोगो प्रयोगशाळेत गेल्या. सेमोर पॅपर्ट यांचं मुलांना संगणक शिकवण्याचं काम तिथे चालू होतं. ज्यांना अजून अक्षरं येत नाहीत अशी साडेतीन वर्षांची मुलंसुद्धा कासवाच्या आकाराचा यंत्रमानव चालवू शकतील, अशी बटणांची आणि पट्ट्यांची योजना पर्लमन यांनी सत्तरच्या दशकाच्या मध्यावर केली. आज हाताळता येणाऱ्या प्रोग्रॅमिंगच्या इतिहासात या कामाचा मान पहिल्यांतला आहे. पण त्यांनी ते सोडून दिलं. आजूबाजूला आपण एकट्याच बाई, आणि काम लहान मुलांचं. लोक आपल्याला शास्त्रज्ञ मानणार नाहीत, असं त्यांना वाटलं. हे त्यांनीच नंतर सांगितलं आहे. हे वाचून मला वाईट वाटतं. एका अतिशय कल्पक माणसाने स्वतःच्या कल्पनेची लाज वाटून घ्यावी, अशी हवा त्या जागी होती.

तशी हवा आपल्याकडेही आहे. प्रॅक्टिकलला क्रिम्पिंग टूल मुलांच्या हातात जातं आणि मुली जर्नल लिहितात. ‘तुमचं अक्षर चांगलं आहे, तुम्ही राइट-अप करा’ असं गटातलीच मुलं म्हणतात, आणि शिक्षक ते चालू देतात. लातूर, नंदुरबारहून आलेली, मराठी माध्यमातली मुलं पहिल्याच वर्षी ठरवून टाकतात की लॅपटॉप फॉरमॅट करणारे ते खरे कॉम्प्युटरवाले, आपण नव्हेत. त्यांना सांगा की या क्षेत्रात ज्यांचं काम इतकी वर्षं टिकलं, त्या पर्लमन यांनी लहानपणी एकही यंत्र उघडलं नव्हतं. त्यांच्याकडे प्रश्नातली अनावश्यक माती झाडून टाकायची नजर होती. ती नजर तुमच्या वर्गात ज्याच्याकडे असेल, त्याच्या हाताला सोल्डरिंगची सवय असेलच असं नाही.

डेकमध्ये येण्याआधी पर्लमन बीबीएन या कंपनीत होत्या. एका बैठकीत त्यांनी राऊटिंगच्या एका अडचणीवर उपाय मांडला. सगळ्यांनी ऐकून घेतलं, आणि शेवटी सूत्रसंचालकाने जाहीर केलं की या अडचणीवर उपाय हवा आहे. त्यांनी तो नुकताच सांगितलेला होता! डेकमधल्या एकाच्या ते लक्षात आलं आणि त्याने त्यांना नोकरी देऊ केली. मुली बोलतात तेव्हा वर्गाने ऐकलं का, हे बघायची जबाबदारी वर्ग चालवणाऱ्याची असते.

चौथी तक्रार: जाळी कशी मोडतात हे तुमच्या अभ्यासक्रमात जवळजवळ नाहीच.

27 ऑक्टोबर 1980 रोजी इंटरनेटचं पूर्वरूप असलेलं आर्पानेट काही तास बंद पडलं. जाळ्यातला प्रत्येक संगणक आपल्या तारांची खबर सगळ्यांना पाठवायचा, आणि कोणती खबर नवी हे कळावं म्हणून तिच्यावर सहा बिटांचा अनुक्रमांक असायचा. 63 नंतर पुन्हा 0. एका यंत्राच्या मेमरीत बिट गळाले, आणि एकाच खबरीच्या तीन आवृत्त्या जाळ्यात सुटल्या: 44, 40 आणि 8. गोलाकार मोजणीत 40 हा 8 पेक्षा नवा, 44 हा 40 पेक्षा नवा, आणि 8 पुन्हा 44 पेक्षा नवा. प्रत्येक यंत्र प्रत्येक खबर ‘नवी’ समजून पुढे ढकलत राहिलं. ज्या यंत्रामुळे हे झालं ते बाजूला काढलं तरी खबरी फिरतच राहिल्या, कारण त्या आता सगळ्यांच्याच मेमरीत होत्या.

पर्लमन यांनी यावर 1983 साली निबंध लिहिला. मोडलेली वस्तू काढल्यावर जाळं आपोआप ताळ्यावर आलंच पाहिजे, माणसाने घरोघर फिरून दुरुस्ती करायची वेळ येता कामा नये, हा त्यांचा आग्रह. डेकसाठी त्यांनी घडवलेल्या राऊटिंगमधून पुढे आयएस-आयएस आलं, जे मोठ्या इंटरनेट पुरवठादारांच्या जाळ्यांत आजही चालतं. 1988 च्या पीएच.डी. प्रबंधात त्या आणखी पुढे गेल्या. काही राऊटर नुसते बिघडलेले नसून मुद्दाम खोटं बोलत असतील, तरीही प्रामाणिक यंत्रांमधली पॅकेटं पोहोचतील असं जाळं बांधता येतं का? येतं, असं त्यांनी दाखवलं. तुम्ही ओएसपीएफ आणि लिंक-स्टेट राऊटिंग शिकवता, पण 44, 40 आणि 8 हे तीन आकडे वर्गात कधी फळ्यावर लिहिले का? त्या तीन आकड्यांत अनुक्रमांक, फ्लडिंग आणि स्थैर्य असे तीन विषय एकदम समजतात.

दुसरं उदाहरण खुद्द स्पॅनिंग ट्रीचं. नोव्हेंबर 2002 मध्ये बोस्टनमधल्या बेथ इस्राएल डीकनेस या मोठ्या रुग्णालयाचं जाळं काही दिवस कोलमडलं. वर्षानुवर्षं एकाला एक स्विच जोडत ते जाळं इतकं लांबलं होतं की स्पॅनिंग ट्रीच्या ठरावीक वेळांत निरोप एका टोकाहून दुसऱ्या टोकाला नीट पोहोचेनात. डॉक्टर आणि परिचारिका कागद-पेनावर आल्या. तुमचे विद्यार्थी 20 सेकंद आणि 15 सेकंद हे आकडे पाठ म्हणतात. त्या आकड्यांच्या मागे जाळ्याच्या लांबीचं एक गृहीतक आहे, आणि ते मोडलं की रुग्णालय बंद पडतं, हे कळलं तर ते आकडे परीक्षेनंतरही डोक्यात राहतील.

यालाच लागून पाचवी गोष्ट. तुम्ही प्रत्येक प्रोटोकॉल असा शिकवता, जणू तो तसाच असणार होता. पर्लमन यांचा स्वतःचा आक्षेप नेमका यावर आहे. नेटवर्क हा विषय आकाशातून उतरलेल्या शिलालेखासारखा शिकवला जातो, असं त्या भाषणांतून सांगत आल्या आहेत. त्यांचं ‘इंटरकनेक्शन्स’ हे पुस्तक 1992 साली आलं. त्यात प्रत्येक वळणावर आणखी काय करता आलं असतं आणि कोणता निर्णय नुसत्या अपघाताने झाला, हे त्या सांगत जातात. स्वतःच्या स्पॅनिंग ट्रीलाही त्या सोडत नाहीत. वरचा थर लोकांनी घातला असता तर याची गरज नव्हती, ही तात्पुरती सोय होती, असं त्यांनी वारंवार म्हटलं आहे. एवढंच करून त्या थांबल्या नाहीत. 2004 मध्ये त्यांनी ब्रिजचा सोपेपणा आणि राऊटरचे चांगले रस्ते एकत्र आणणारी रचना मांडली. तिचं ट्रिल हे मानक 2011 साली प्रसिद्ध झालं, आणि त्यात पॅकेटवर टप्प्यांचा आकडा आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी ज्या उणिवेवर उपाय करावा लागला, ती उणीवच भरून काढायला त्या परत आल्या. स्वतःच्या गाजलेल्या कामाचा पर्याय स्वतः शोधणारी माणसं विद्यार्थ्यांना दाखवायला हवीत. ‘या प्रोटोकॉलचे फायदे-तोटे लिहा’ या चार गुणांच्या प्रश्नातून ती दिसत नाहीत.

महिला दिनाच्या पोस्टरबद्दलही बोलायला हवं. ‘इंटरनेटची आई’ ही उपाधी पर्लमन यांना पसंत नाही आणि त्यांनी ते उघड सांगितलं आहे. इंटरनेट कोणा एकाने शोधलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं. पोस्टर लावणाऱ्यांची भावना चांगली असते, त्यात शंका नाही. पण वर्षातून एक दिवस आई म्हणून हार घालायचा आणि उरलेलं वर्ष त्यांचाच अल्गोरिदम नाव न घेता शिकवायचा, यातून मुलींना काय कळतं? डायक्स्ट्रा यांचं नाव अल्गोरिदमला चिकटलेलं आहे म्हणून ते वर्गात उच्चारलं जातं. पर्लमन यांचं नाव प्रोटोकॉलला चिकटलेलं नाही, म्हणून ते मुद्दाम घ्यावं लागेल. त्यांची शंभराहून अधिक पेटंटं, 2010 चा सिगकॉम पुरस्कार, 2014 साली इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये झालेला समावेश, हे सगळं सांगा किंवा नका सांगू. पण फळ्यावर शीर्षकाखाली ‘रेडिया पर्लमन, 1985’ एवढं लिहा. विज्ञानाच्या वर्गात श्रेय असंच दिलं जातं.

तुमच्या अडचणी मला दिसतात. सहा युनिट आणि हातात मोजके आठवडे. तुमच्यातले अनेक जण तासिका तत्त्वावर आहेत, सत्र संपलं की पुढचं काम मिळेल की नाही याची खात्री नाही. नॅकची कागदपत्रं, अ‍ॅटेंडन्स, सबमिशन, वर निकालाच्या टक्केवारीचा हिशेब. अशा माणसाला ‘इतिहास शिकवा’ म्हणणं अन्यायाचं होईल, आणि मी ते म्हणत नाही. मी फक्त क्रम उलटा करायला सांगतो. अडचण आधी सांगितली की अल्गोरिदम शिकवायला निम्मा वेळ पुरतो, असा नव्या मुलांना शिकवतानाचा माझा अनुभव आहे.

प्रयोगशाळेलाही मोठा खर्च नाही. सिम्युलेटरमध्ये दिवा नारिंगीचा हिरवा होताना दिसतो, पण वादळ जाणवत नाही. साधे, स्पॅनिंग ट्री नसलेले दोन-तीन जुने स्विच कॉलेजच्या जाळ्यापासून पूर्ण वेगळे ठेवा. एका पॅच कॉर्डची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये खोचा, आणि कोणाला तरी एक पिंग करायला सांगा. सगळे दिवे एकदम पिसाट लुकलुकायला लागतात, वायरशार्कमध्ये एकच पॅकेट हजारो वेळा दिसतं. आमच्याकडे ऑफिसात असाच कोणीतरी टेबलाखालचा मोकळा लोंबणारा केबल ‘व्यवस्थित’ म्हणून भिंतीतल्या पोर्टमध्ये लावतो आणि मजला बंद पडतो. नंतर मूळ स्पॅनिंग ट्री चालू असलेले मॅनेज्ड स्विच लावा, ते एकमेकांना जोडून लूप करा, आणि चालू तार उपटून जाळं किती सेकंदांनी परत येतं ते मुलांना घड्याळ लावून मोजू द्या. तीस येतील किंवा पन्नासच्या आसपास. हा फरक का, हे त्यांनाच शोधू द्या. आणि त्या दिवशी केबल मुलींच्या हातात द्या, जर्नल मुलं लिहितील.

अभ्यास मंडळांना शेवटची विनंती. पुढच्या वेळी अभ्यासक्रम बदलायला बसाल तेव्हा नेटवर्कच्या प्रत्येक युनिटमध्ये एक खरा बिघाड आणि एक मूळ शोधनिबंध घाला. पर्लमन यांचा 1985 चा निबंध मोजक्या पानांचा आहे, इंग्रजी सोपं आहे, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलाला तो वाचता येतो. समजावणं मराठीतून झालं तरी हरकत नाही, तोंडी परीक्षेतही मराठीतून उत्तर चालू द्या. पर्लमन अवघड गोष्ट साध्या शब्दांत सांगण्याबद्दल ओळखल्या जातात, आणि साधे शब्द प्रत्येकाकडे आपापल्या भाषेतलेच असतात.

वर सांगितलेला प्रयोग मांडून दाखवायला कोणत्याही महाविद्यालयात यायला मी तयार आहे. स्विच आणि तारा माझ्याकडच्या आणीन, मानधन नको. शनिवारी बोलावलंत तर बरं पडेल, बाकीच्या दिवशी रजा मिळवावी लागते. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना चौथ्या फेरीचा तो हिशेब नमुन्यादाखल हवा असेल, तर उत्तरासह लिहून पाठवीन.



आपला नम्र,
पुण्यातील एक नेटवर्क अभियंता